गोदीची खरेदी आणि बेगम बाजार

हैदराबाद शहराला समुद्र नाही. चारमिनारच्या बाजूने येऊन मुसी नदीवरचा नया पूल ओलांडला, की थोड्याच अंतरावर बेगम बाजार लागतो. दुसरे आसफजाह निजाम अली खान यांच्या बेगम हमदा यांनी ही जागा व्यापाऱ्यांना दिली आणि त्यांच्याच स्मरणाने बाजारास हे नाव पडले, असे सांगतात. पितळी व पोलादी भांडी, मसाले, सुका मेवा, घरगुती वापराच्या शेकडो वस्तू यांची घाऊक उलाढाल येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अशा ठिकाणी उभे राहून जहाजांच्या कंत्राटांचा विचार करणे प्रथमदर्शनी विपरीत वाटेल. परंतु तो तितका विपरीत नाही.

जहाज म्हणजे केवळ इंजिन आणि पोलादी पत्रा नव्हे. जहाजावर माणसे राहतात, स्वयंपाक होतो, डेक धुतला जातो, कोठारांना कुलुपे लागतात. गोदीत शेकडो कामगार राबतात. त्यांना बूट लागतात, ब्रश लागतात, बादल्या लागतात. मुंबईची माझगाव गोदी, वास्कोची गोवा शिपयार्ड आणि विशाखापट्टणमची हिंदुस्थान शिपयार्ड या तिन्ही केंद्र सरकारच्या कंपन्या आहेत. यांपैकी शेवटची गोदी सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीने १९४१ साली सुरू केली होती; स्वतंत्र भारतातले ‘जलउषा’ हे जहाज १९४८ साली तेथेच पाण्यात उतरले. फार काय, खुद्द हैदराबादेतही समुद्राचे एक सरकारी कार्यालय आहे. भरती, लाटा आणि त्सुनामी यांची माहिती देणारे राष्ट्रीय महासागर माहिती केंद्र १९९९ सालापासून याच शहरात काम करीत आहे. या सर्व संस्था जनतेच्या पैशाने खरेदी करतात. तेव्हा ती खरेदी कोणाकडून व्हावी, हा प्रश्न लहान कारखानदाराच्या पोटापाण्याचा ठरतो.

सरकारने सर्वांत स्वस्त माल घ्यावा, हा नियम वरवर पाहता निर्दोष दिसतो. परंतु स्वस्त देण्याची शक्ती सर्वांपाशी सारखी नसते. मोठा कारखाना कच्चा माल वॅगनच्या हिशेबाने घेतो, बयाणा रक्कम सहज भरतो आणि बिल चार महिने अडकले तरी त्याची भट्टी विझत नाही. दहा कामगारांच्या कारखान्याला हे जमत नाही. त्याचा माल वाईट असतो म्हणून नव्हे, तर त्याचे भांडवल थोडे असते म्हणून तो दाराबाहेर राहतो. हे ओळखूनच १९५५ साली राष्ट्रीय लघुउद्योग निगम स्थापन झाला आणि सरकारी खरेदीसाठी लहान कारखान्यांची नोंदणी करण्याची प्रथा सुरू झाली. मात्र पुष्कळ वर्षे हा मामला सवलतीचा होता, बंधनाचा नव्हता.

ते बंधन पुढे आले. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याच्या आधारे केंद्र सरकारने मार्च २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदीचे धोरण आदेशाच्या रूपाने जाहीर केले. केंद्राच्या प्रत्येक मंत्रालयाने, खात्याने व सरकारी कंपनीने आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २० टक्के माल व सेवा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्याव्यात, असे त्यात ठरले. १ एप्रिल २०१५ पासून ते सक्तीचे झाले. १ एप्रिल २०१९ पासून हे प्रमाण २५ टक्के करण्यात आले. त्यातच ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के स्त्री उद्योजकांसाठी राखलेले आहेत. याशिवाय ३५८ वस्तू अशा आहेत, की त्या केवळ सूक्ष्म व लघु उद्योगांकडूनच घ्यावयाच्या. त्या यादीत बादल्या, झाडू, ब्रश, कुलुपे, बूट अशा वस्तू आहेत. बेगम बाजाराच्या फळ्यांवर नजर टाकणाऱ्यास ही यादी अनोळखी वाटणार नाही.

या धोरणाचे काम कसे चालते, हे एका साध्या उदाहरणाने समजेल. समजा, एका गोदीने हजार नगांची निविदा काढली. मोठ्या कारखान्याने नगास १०० रुपये दर दिला आणि तोच सर्वांत कमी ठरला. एका लहान कारखान्याचा दर ११२ रुपये आहे. हा दर सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांच्या आत असल्यामुळे गोदीने त्यास विचारावयाचे, की १०० रुपयांत माल देतोस काय? त्याने होकार दिला, तर मागणीचा २५ टक्क्यांपर्यंतचा भाग, म्हणजे अडीचशे नग, त्याच्याकडे जातो. त्याचा दर ११८ असता तर ही संधी मिळाली नसती. म्हणजे या वाटेने तिजोरीस एक पैसाही जास्त पडत नाही. लहान कारखानदारास मिळते ती किंमत नव्हे, तर संधी. शिवाय त्यास निविदेचे कागद विनामूल्य मिळतात आणि बयाणा रकमेची माफी असते.

३५८ वस्तूंची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे मोठा प्रतिस्पर्धीच नसतो, म्हणून चढाओढ लहानांची लहानांशी होते आणि दर थोडा चढण्याचा संभव राहतो. हा भार समाजाने जाणूनबुजून उचललेला आहे. दुसरीकडे क्षेपणास्त्रे व शस्त्रप्रणाली यांसारख्या गोष्टी या धोरणाच्या बाहेर ठेवल्या आहेत. गुणवत्तेच्या बाबतीत तर सूट नाहीच. पूर्वीच्या अनुभवाची किंवा उलाढालीची अट शिथिल होऊ शकते, परंतु मालाने तांत्रिक कसोटीस उतरलेच पाहिजे. वादळात सापडलेल्या जहाजाला झडप लहान कारखान्यातली की मोठ्या, याच्याशी कर्तव्य नसते.

आता बेगम बाजाराचा खरा प्रश्न येतो. हे धोरण बनविणाऱ्यासाठी आणि सेवा देणाऱ्यासाठी आहे. विकत घेऊन विकणाऱ्यासाठी नाही. जुलै २०२१ पासून घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांनाही ‘उद्यम’ नोंदणी करता येते, परंतु तिचा लाभ बँकांच्या अग्रक्रमाच्या कर्जापुरताच मर्यादित ठेवला आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र हाती आले म्हणजे निविदेतील राखीव वाटाही हाती आला, असे समजणारा व्यापारी मोठी चूक करतो. तो निविदा भरू शकतो, पण सर्वांच्या रांगेत उभा राहून. २५ टक्क्यांचे दार त्याच्यासाठी उघडत नाही.

यात व्यापाऱ्यावर अन्याय होतो काय? त्याची बाजू अगदीच पोकळ नाही. गल्लीबोळांतल्या कारागिराला भांडवल पुरविणारा, त्याचा माल उचलणारा आणि उधारीचा धोका सोसणारा पुष्कळदा व्यापारीच असतो. परंतु राखीव वाटा व्यापाऱ्यास खुला केला, तर मोठ्या कारखान्याचाच माल एखाद्या छोट्या दुकानाच्या नावाने गोदीत पोहोचू लागेल. नाव लहानाचे आणि नफा मोठ्याचा, असा तो खेळ होईल. ज्या भट्टीसाठी धोरण आखले ती थंडच राहील. म्हणून ही रेषा कठोर असली तरी अकारण नाही.

अशी रेषा आखताना प्रत्येक देशास अडचण पडते. अमेरिकेत १९५३ साली लहान उद्योगांचा कायदा झाला आणि तेथील केंद्रीय कंत्राटांच्या रकमेपैकी २३ टक्के वाटा त्यांना मिळावा असे उद्दिष्ट आहे. किमान दोन समर्थ लहान उद्योग वाजवी दराने पुढे येतील अशी शक्यता दिसली, की ते काम त्यांच्यासाठी वेगळे काढतात. नौदलाची व तटरक्षक दलाची कामेही त्यात येतात. मात्र तेथे हजाराहून अधिक कामगारांची जहाजबांधणी गोदीसुद्धा ‘लहान’ गणली जाते. आपल्याकडे मोजमाप रुपयांत आहे. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीत २५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग लघु ठरतो. सूक्ष्म उद्योगासाठी या मर्यादा अडीच कोटी व १० कोटी अशा आहेत. मर्यादा जितकी वर सरकते, तितका दहा कामगारांचा कारखाना शंभर कोटींच्या कारखान्याशी एकाच रांगेत उभा राहतो, ही गोष्ट विसरता येत नाही.

कंत्राट मिळाले म्हणजे काम संपले असेही नाही. लहान कारखाना बहुधा बुडतो तो तोट्याने नव्हे, तर थकलेल्या बिलाने. २००६ च्या कायद्याने माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करण्याचे बंधन घातले आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चढणारे चक्रवाढ व्याज द्यावे लागते, आणि तक्रार राज्याच्या सुविधा परिषदेकडे नेता येते. अस्त्र धारदार आहे. परंतु पुढच्या कंत्राटाच्या आशेने ते म्यानातच ठेवण्याकडे लहान माणसाचा कल असतो. ज्याच्या दारी उद्या पुन्हा जावयाचे, त्याच्यावर आज फिर्याद कशी करावी, हा त्याचा पेच कोणत्याही आदेशाने सुटलेला नाही.

मग बेगम बाजाराने काय करावे? २०१६ सालापासून सरकारी ई-बाजारपेठ सुरू झाली असून गोदीची मागणी पाहण्यास विशाखापट्टणमची गाडी पकडावी लागत नाही. व्यापाऱ्याला बाजार कळतो, माल पारखता येतो, हिशेब ठेवता येतो. कारागिराला वस्तू बनविता येते, पण निविदेचा कागद वाचता येत नाही. व्यापाऱ्याने स्वतःच्या कारखान्यात भांडवल घातले, किंवा ज्याच्याकडून तो माल घेतो त्या कारागिराला स्वतःच्या नावाने उभे राहण्यास मदत करून त्याला कच्चा माल पुरविला, तर दोघांचेही भले आहे. पहिल्या वाटेने तो स्वतःच बनविणारा होतो. दुसरीने त्याचा धंदा टिकतो आणि राखीव वाटा ज्याचा त्याला मिळतो.

गोवळकोंड्याच्या काळी या शहराचा माल मछलीपट्टणच्या बंदरातून दूरदेशी जात असे. त्या व्यापारात विणकराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. आजच्या कायद्यात बनविणाऱ्याच्या नावासाठी एक रकाना राखून ठेवला आहे. तो रकाना खऱ्या नावाने भरला जातो की उसन्या, यावरच या धोरणाचे यश मोजले जाईल.