बोका आला कोट्यवधी किलोमीटरवरून!

बोक्याचं नाव टेटर्स. मराठीत बटाट्याच म्हणा ना! नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतल्या एका कर्मचाऱ्याचा हा नारिंगी पट्टेरी बोका लेझरच्या ठिपक्यामागे धावतो. संपला व्हिडिओ, 15 सेकंदांत. पण 11 डिसेंबर 2023 ला तो आला कुठून? नासाच्याच 'सायकी' अंतराळयानातून, लेझरच्याच किरणावर बसून, जवळपास 3 कोटी 10 लाख किलोमीटरवरून!

म्हणजे किती? चंद्राच्या 80 पट लांब. छे, चंद्रापर्यंत कोण चालत गेलंय! डेक्कन क्वीन घ्या. मुंबई-पुणे 192 किलोमीटर, जाऊन-येऊन 384. गाडी सुरू झाली 1930 मध्ये. तेव्हापासून एकही खाडा न करता तिने रोज जा-ये केली असं धरलं, तरी आज ती निम्म्या वाटेवरही पोचलेली नाही! सगळी वाट सरायला हवीत 221 वर्षं. आणि बटाट्याला? 101 सेकंद. तेवढ्यात टपरीवरच्या चहाला धड उकळीही येत नाही. प्रकाशच तो, सेकंदाला दीड हजार वेळा मुंबई-पुणे करणारा.

बरं, माल किती आला? सेकंदाला 26 कोटी 70 लाख बिट, हा कमाल वेग. बिटाला एक रुपया धरा आणि सेकंदाला एक नाणं मोजा. झोपायचं नाही, जेवायचं नाही. एका सेकंदाची कमाई मोजता मोजता साडेआठ वर्षं जातील! नाही पटत? मग बिटाला पाण्याचा एक थेंब धरा, 20 थेंबांचा एक मिलिलिटर. या वेगाने 15 सेकंद थेंब पडू द्या. पाच मीटर रुंद, दहा मीटर खोल विहीर काठोकाठ!

तशी मांजर आणि टीव्हीची सोयरीक जुनीच. 1928 मध्ये अमेरिकेत टीव्हीच्या प्रयोगांसाठी कॅमेऱ्यापुढे कार्टूनमधल्या फेलिक्स मांजराचा पुतळा गरगर फिरवत. चित्र अवघ्या 60 ओळींचं.

आता खरी गंमत. किरण टिपले कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या हेल दुर्बिणीने. तिथून लॅबोरेटरी सरळ रेषेत साधारण 150 किलोमीटर, म्हणजे आपलं रस्त्याने मुंबई-पुणे. हा शेवटचा टप्पा बोक्याने साध्या इंटरनेटवरून काटला, आणि तो अंतराळातल्या लेझरपेक्षा हळू निघाला! कोट्यवधी किलोमीटर सुसाट आलेला बटाट्या खंडाळ्याच्या घाटात अडकला.