निळ्या टँगचा पहिला महिना

लक्षद्वीप, मालदीव, श्रीलंका, अंदमान इथल्या प्रवाळखडकांवर, लाटा फुटतात त्या उथळ पाण्यात राहणारा पावडर ब्लू टँग हा आपल्या हिंदी महासागराचा मासा. 1833 साली बेनेट या प्राणिशास्त्रज्ञाने त्याचे शास्त्रीय वर्णन केले. फिकट निळे अंग, काळा चेहरा, पांढरा गळा, पाठीवर पिवळा पर आणि शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना सर्जन माशांच्या कुळाचे ते धारदार पाते. इतका देखणा मासा दुकानात दिसला की मोह होतोच. पण घरी आणल्यावर काही दिवसांतच त्याच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके उठतात, तो खाणे सोडतो आणि बरेचदा दगावतो. त्यामुळे हा मासा मुळातच नाजूक, असे छंदिष्टांमध्ये सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. लाटांच्या माऱ्यात दिवसभर पोहत राहणारा, खडकावरचे शेवाळ खरवडून जगणारा हा मासा आहे. सेशेल्समधल्या अल्डाब्रा प्रवाळद्वीपावरचा जो अभ्यास 1979 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तो आपले चरण्याचे क्षेत्र राखून असल्याचे नोंदले आहे. असा जीव दुबळा कसा म्हणावा? तो मरतो याचे कारण बहुतेक वेळा पहिल्या महिन्यात त्याला कुठे ठेवले यात सापडते.

ते ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी. माशाच्या त्वचेत आणि कल्ल्यांत शिरून तो तीन ते सात दिवस पोसतो, मग बाहेर पडून वाळूवर किंवा दगडावर कवच धरतो. त्या कवचात तो विभागत जातो आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, एकेका कवचातून शेकड्याच्या घरात पोहणारी पिल्ले सुटतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. समुद्रात यातली बहुतेक वाहून जातात. पाचशे लिटरच्या टाकीत मात्र त्यांना जायला दुसरी जागाच नाही, आणि ती सुटतात रात्रीच्या अंधारात, मासा एका कपारीत निश्चल झोपलेला असताना. म्हणजे परजीवी तोच, पण टाकीच्या काचा प्रत्येक पिढीला त्याच माशाकडे परत पाठवतात. त्यात हा टँग पकडणे, पिशवीत भरणे, प्रवास, दुकान अशी उपासमार सोसून आलेला असतो. सतत चरायची सवय असलेल्या माशाला दोन-तीन दिवसांचा उपवासही जड जातो.

म्हणूनच नवा टँग मुख्य टाकीत न सोडता आधी वेगळ्या, वाळू-दगड नसलेल्या टाकीत महिनाभर ठेवावा, असे माझे ठाम मत आहे. तिथे लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, हवेचा पंप आणि दिवसातून अनेकदा नोरी, म्हणजे वाळवलेले समुद्री शेवाळ, द्यावी. उपचार तांब्याचा. मुक्त आयनांच्या रूपातले तांबे वापरत असाल तर लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम ही पातळी टेस्ट किटने रोज मोजून सलग राखावी लागते. ती खाली गेली तर परजीवी वाचतो, फार वर गेली तर मासा जातो. हेच तांबे कोळंबी, शंख आणि प्रवाळ मारते, शिवाय दगड ते शोषून घेतात. म्हणून हा उपचार मुख्य टाकीत करता येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की छोट्या, उघड्याबोडक्या टाकीत मासा घाबरतो आणि तांबे त्यालाही सोसवत नाही. हे खरे आहे. म्हणून आधी मासा खायला लागू द्यावा आणि मग तांब्याची मात्रा हळूहळू चढवावी. पण मुख्य टाकीत त्याला आधीच ठाण मांडलेल्या माशांशी झगडावे लागते आणि तोच ताण परजीवीच्या पथ्यावर पडतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: परजीवी प्रत्येक टाकीत असतोच, मासा सुदृढ ठेवा, तो आपोआप प्रतिकार करेल. एकदा संसर्गातून वाचलेल्या माशात काही महिने टिकणारी प्रतिकारशक्ती येते, हे प्रयोगांत दिसले आहे. मात्र त्यासाठी आधी वाचावे लागते, आणि उपाशी, दमलेल्या टँगला ती संधी क्वचित मिळते. परजीवी प्रत्येक टाकीत असतो हेही अटळ नाही. सगळे मासे बाहेर काढून टाकी 76 दिवस माशांविना ठेवण्याची पद्धत रूढ आहे, ती त्याची साखळी तुटावी म्हणूनच. माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणाऱ्या क्लीनर कोळंबीवर किंवा यूव्ही दिव्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की परजीवी त्वचेच्या आत असतो, आणि दिवा फक्त त्याच्यातून वाहणारे पाणी शुद्ध करतो.

एवढे करूनही टाकी अपुरी असेल तर उपयोग नाही. पूर्ण वाढलेला मासा वीतभराच्या आसपास जातो, त्यामुळे सहा फुटांखालची लांबी त्याला कोंडणारीच. प्रवाह जोरदार हवा. मुंबई-कोकणच्या उन्हाळ्यात पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि खवळत्या पाण्यातला हा मासा तिथेच आधी कमी पडतो. चिलर लावून पाणी 25-26 अंशांवर ठेवणे भाग आहे. इतर मासे स्थिरावल्यावर टँग शेवटी सोडावा, आणि त्याच्यासारख्या अंगाचा दुसरा टँग सोबत ठेवू नये.

उरतो नैतिक प्रश्न: खडकावरून पकडलेला मासा घरात हवाच कशाला? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. सर्जन माशांची पिल्ले आठवडेच्या आठवडे खुल्या समुद्रात तरंगत वाढतात, म्हणून त्यांची पैदास फार काळ अशक्यप्राय मानली गेली. हवाईतल्या ओशनिक इन्स्टिट्यूटने 2015 मध्ये पिवळा टँग वाढवून दाखवला, तर फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये पॅसिफिक ब्लू टँग. टाकीत जन्मलेला टँग मिळत असेल तर नवख्याने त्यापासूनच सुरुवात करावी. आणि पावडर ब्लूच हवा असेल, तर विलगीकरणाची टाकी, तांब्याचे टेस्ट किट आणि चिलर आधी घरी येऊ दे. मग दुकानदाराला आपल्यासमोर माशाला खाऊ घालायला सांगावे. मासा खात नसेल, तर तो विकत घेऊ नये.