तारली : लहान माशाचा मोठा संसार

समुद्र आपल्या बैहरपासून शेकडो मैल दूर. मासळी म्हणजे तळ्यातील रोहू-कतला, एवढाच आपल्यापैकी पुष्कळांचा परिचय. तथापि कोकण, गोवे व केरळ येथील गरिबाच्या ताटात जिच्यामुळे कालवण पडते, त्या तारलीची ओळख आपल्या मुलांना व्हावी, या हेतूने आम्ही ही माहिती देत आहोत.

तारली असते वीतभर लांबीची. पाठ निळसर हिरवी, पोट रुपेरी. आयुष्य जेमतेम अडीच वर्षांचे. पण वर्षभरातच ती अंडी घालण्याजोगी होते. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती व जीव हे तिचे अन्न. कल्ल्यांतील दाट चाळणीतून पाणी गाळून ती ते मिळविते. पावसाळ्यात समुद्राच्या तळचे थंड पाणी वर येते, त्याबरोबर क्षार येतात आणि हे अन्न उदंड वाढते. म्हणूनच तारली याच ऋतूत अंडी घालते. तरंगती अंडी सुमारे एका दिवसात फुटतात. पावसाळा सरताच थवेच्या थवे किनाऱ्याजवळ येतात.

ती थव्याने का राहते? कान्ह्याच्या कुरणातील चितळांचा कळप आठवावा. एकाला चाहूल लागली की सारे सावध होतात, आणि पुष्कळांत एकाला हेरणे शत्रूस कठीण जाते. तारलीचेही तसेच. परंतु नवल असे की, मोठ्या माशांपासून वाचविणारी हीच सवय तिला माणसाच्या हाती देते. एकटी तारली शोधून सापडणार नाही. थवा मात्र जाळ्याच्या एकाच वेढ्यात येतो.

केरळात २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली होती. २०२१ साली मिळाली अवघी ३,२९७ टन. सारा दोष जाळ्यांचा नव्हे. पाऊस व समुद्राची उष्णता यांप्रमाणे तिचे प्रमाण पूर्वीपासून खालीवर होत आले आहे. पण पडत्या काळात कोवळी पिलेही पकडली, तर पुढची पिढी यायची कोठून? यासाठीच केरळात १० सेंटिमीटरहून लहान तारली धरण्यास मनाई आहे, आणि जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते.

आपला धान पिकविणारा शेतकरी कितीही अडचण आली तरी बियाणे शिजवीत नाही. समुद्राच्या शेतीलाही तोच नियम लागू आहे.