नमुना आणि गाठ : आभासी वास्तव वर्गात येताना

हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्थानकाजवळ कॉटन एक्स्चेंजची हिरव्या रंगाची भव्य इमारत उभी आहे. मुंबईचा कापूसबाजार पूर्वी फोर्टमधील मोकळ्या हिरवळीवर भरत असे. पुढे तो कुलाब्यास गेला आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिवडी-माझगावच्या भरावावर आला. येताना तो आपले नावही सोबत घेऊन आला. त्या इमारतीवरून रोज शाळेत जाणाऱ्या मुलांना हा प्रवास ठाऊक असतोच असे नाही.

या बाजाराचा एक जुना शिरस्ता होता. सौद्यापूर्वी गाठीतून मूठभर कापूस काढला जाई. जाणकार दलाल त्याची चिमूट दोन्ही हातांच्या बोटांत धरून हलकेच ओढी, तंतू एकमेकांशी समांतर करी आणि त्यांची लांबी, ताकद, रंग व कचरा पारखी. नमुना म्हणजे गाठ नव्हे, हे त्याला पक्के माहीत असे. नमुना नीट पारखला तरच गाठ कळते, हेही त्याला तितकेच माहीत असे. आज शाळांच्या दारी ‘आभासी वास्तव’ या नावाने जे नवे तंत्र येत आहे, त्याची पारख करताना व्यापारी घरांना परिचित असलेली हीच कसोटी उपयोगी पडेल.

हेडसेट डोळ्यांवर चढवला की दोन भिंगांतून दोन डोळ्यांना किंचित वेगवेगळी चित्रे दिसतात आणि मेंदू त्यांतून खोली निर्माण करतो. मान वळवली की संवेदक ती हालचाल टिपतात आणि दृश्यही वळते. यातील पहिले तत्त्व जुने आहे. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपचे विवेचन केले होते आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील कीस्टोनसारख्या कंपन्या शाळांसाठी अशा जोडचित्रांचे संच विकत होत्या. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आभासी व संवर्धित वास्तवावर आधारित अध्ययनसाहित्याचा स्पष्ट उल्लेख आहे. त्यामुळे हे तंत्र वर्गात यावे की नाही, हा प्रश्न आता मागे पडला आहे. ते कशासाठी आणि कोणाच्या हाती यावे, हा खरा प्रश्न आहे.

संशोधनाचे निष्कर्ष या बाबतीत सावध करणारे आहेत. कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रयोगशाळेचा एकच आभासी पाठ विद्यार्थ्यांना साध्या पडद्यावर आणि हेडसेटमधून देण्यात आला. हेडसेटमध्ये ‘आपण तिथेच आहोत’ ही भावना अधिक होती. शिकणे मात्र कमी झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील २०१८ च्या अभ्यासातही असेच आढळले. शरीरातील पेशींची सफर हेडसेटमधून केलेल्यांना ती अधिक आवडली, पण चाचणीत साध्या स्लाइड्सवरून शिकलेले पुढे होते. त्याच अभ्यासाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. आभासी सफर मध्येमध्ये थांबवून ‘काय पाहिले ते आपल्या शब्दांत लिहा’ असे सांगितलेले विद्यार्थी, सफर सलग पाहणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. विस्मय शिकण्याचे दार उघडतो, परंतु आत नेण्याचे काम थांबणे, विचारणे आणि मांडणे यांनीच होते.

या तंत्राची खरी जागा कोणती? जिथे हात पोहोचत नाही, जिथे जाणे धोक्याचे आहे किंवा जिथे पाहण्यासाठी जीव घ्यावा लागतो, ती. धडधडत्या हृदयाच्या झडपा, ज्वालामुखीचे मुख, रेणूची रचना ही याची उदाहरणे. शवविच्छेदनाचे उदाहरण तर या वाचकवर्गास विशेष जवळचे आहे. बेडूक वा झुरळ कापण्याच्या कल्पनेने जीवशास्त्राकडे पाठ फिरवणारी मुले अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या घरांना अपरिचित नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या पदवी व पदव्युत्तर वर्गांतील विद्यार्थ्यांकडून होणारे विच्छेदन बंद केले. संगणकीय प्रतिकृतीत तोच बेडूक शंभर वेळा उघडता व मिटवता येतो आणि कोणाचाही जीव जात नाही. येथे ज्ञान आणि करुणा यांत निवड करावी लागत नाही.

याउलट, शिवडीच्या खाडीतील रोहित पक्षी हेडसेटमधून दाखवण्याचे कारण नाही. ते येतात त्या महिन्यांत एक स्थानक पुढे जावे, इतकेच. कापसाचा स्पर्शही कोणतेही भिंग देऊ शकत नाही.

महाराष्ट्राला या विषयात मोठा धडा माढा तालुक्यातील परितेवाडीने दिला आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोडमागे ध्वनी, चित्रफिती व गोष्टी ठेवल्या आणि त्यासाठी साधा मोबाइल पुरला. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही क्यूआर कोड आले आणि २०२० मध्ये डिसले यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. साधन बेताचे होते. त्यामागे काय ठेवायचे हे ठरवणारा शिक्षक मात्र मोठा होता.

अनेक व्यापारी कुटुंबे शाळांच्या विश्वस्त मंडळांवर आहेत, देणगीदार आहेत. त्यांनी हे विसरू नये की हेडसेटची किंमत हा केवळ पहिला खर्च आहे. चार्जिंग, दुरुस्ती, प्रत्येक वापरानंतरची स्वच्छता, इंटरनेट, मराठी निवेदन आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शिक्षकांचे प्रशिक्षण, हे वर्षानुवर्षांचे खर्च आहेत. पुरवठादार टिकेल का, हेही पाहावे. गूगलने २०१५ मध्ये शाळांसाठी सुरू केलेली ‘एक्सपिडिशन्स’ ही आभासी सहलींची सेवा २०२१ मध्ये बंद केली. बऱ्याच सहली कंपनीच्या दुसऱ्या उपक्रमात हलवल्या गेल्या, पण शिक्षकाने साऱ्या वर्गाला एकत्र फिरवण्याची मूळ सोय संपली. दुकानासाठी माल घेताना जे प्रश्न विचारले जातात, ते शाळेसाठी घेताना गिळू नयेत.

मुलांची काळजी हा वेगळा हिशेब आहे. डोळे गती पाहतात, पण कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय स्थिरता कळवते. या विसंगतीने काहींना मळमळते. शिवाय चित्रातील वस्तू जवळ आली तरी भिंगाचे अंतर बदलत नाही, त्यामुळे डोळ्यांवर ताण येतो. म्हणून वापर बसून आणि काही मिनिटांपुरताच असावा. मेटा कंपनीने आपल्या हेडसेटची किमान वयोमर्यादा पूर्वी १३ वर्षे ठेवली होती. २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीची अट घालून ती १० वर आणली गेली. त्याच वर्षीच्या भारतीय डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. मुलाची मान कुठे वळली हेदेखील माहितीच होय. शाळेकडे त्याबद्दल विचारणा करणे हा पालकांचा अधिकार आहे.

कॉटन ग्रीनच्या एखाद्या शाळेत असा पाठ सहज योजता येईल. पहिल्या दिवशी मुलांना त्या हिरव्या इमारतीपर्यंत चालत न्यावे आणि प्रत्येकाच्या हाती चिमूटभर कापूस द्यावा. तंतू ओढून त्यांची लांबी पट्टीने मोजू द्यावी. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे हेडसेटमधून यवतमाळच्या काळ्या जमिनीतील, बोंडे फुटलेले शेत चहूबाजूंनी दाखवावे. मग हेडसेट उतरवून वह्या उघडाव्यात आणि एवढेच विचारावे : हा कापूस वेचतो कोण, तो इथवर कसा येत असे आणि त्याचा भाव कोण ठरवत असे? ज्या मुलाला याचे उत्तर लिहावेसे वाटेल, त्याच्या हाती नमुन्यासोबत गाठही आली असेल.