लाल टोपण, केशरी टोपण

जिमला जाणारी काही पोरं अंग भरावं म्हणून इन्सुलिन टोचून घेतात. तेही हार्मोनच. सिरिंज? घरात शुगरवाल्या आजीची असते तीच उचलतात. घोटाळा इथंच होतो.

इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असतील तर सिरिंज लाल टोपणाची, १०० असतील तर केशरी. १०० ची बाटली लाल टोपणाच्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढली, की अंगात २५ युनिट जातात. आजीचाही डोस असाच चुकतो. औषध घेताना बाटली आणि सिरिंजवरचा आकडा जुळवून घ्या.

शुगर नसलेल्या पोराला तर मोजून घेतलेलं इन्सुलिनही बेशुद्ध पाडतं, जीवही घेतं. दरदरून घाम, थरथर, बरळणं दिसलं तर लगेच साखरेचं पाणी पाजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीच घालू नका, १०८ ला फोन करा.

एकच सुई मित्रांत फिरली असेल तर ती स्पिरिटनं पुसली होती हे सांगून उपयोग नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी रक्तातून असेच पसरतात. पोरावर हात उगारू नका, तपासणीला न्या. सरकारी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. माहितीसाठी फोन १०९७.