विश्लेषण : लेदर जॅकेट शिवून घेताना चामडे शेळीचे, मेंढीचे की म्हशीचे?

दिवाळीच्या सुमारास पुण्यात पहाटेचा गारवा जाणवू लागला, की जॅकेटची आठवण होते. तयार जॅकेट खांद्यात बसले तर बाह्या लांब पडतात, म्हणून अनेक जण ते मापाने शिवून घेतात. कारागिराला दाखवायला मोबाइलमध्ये फोटो असतो, बऱ्याचदा ‘इंडियाना जोन्स’चा. चर्चा होते ती रंगाची, खिशांची, कॉलरची. चामडे कोणते, हा प्रश्न शेवटी येतो. पण जॅकेट किती वर्षे टिकणार आणि बाइकवरून पडल्यास अंगाला वाचवणार की नाही, हे त्यावरच ठरते.

सिनेमातले जॅकेट कशाचे होते?

‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ १९८१ मध्ये आला. त्यातले जॅकेट कोकराच्या मऊ चामड्याचे होते. ते कोरे दिसू नये म्हणून वेशभूषाकार डेबोरा नॅडूलमन यांनी हॅरिसन फोर्डच्याच खिशातला चाकू आणि तारेचा ब्रश घेऊन ते घासले. पडद्यावर ते रुबाबदार दिसते, पण इतक्या सहज ओरखडे घेणारे चामडे रोजच्या वापराला नाजूकच. मेंढीच्या कातड्याची रचना लोकर आणि चरबीमुळे सैल असते. म्हणून ते अंगावर छान पडते आणि म्हणूनच अणकुचीदार काही लागले तर पटकन फाटते. सिनेमाच्या कितीतरी आधी, १९३१ मध्ये अमेरिकी लष्कराने वैमानिकांसाठी स्वीकारलेले ‘ए-२’ जॅकेट प्रामुख्याने घोड्याच्या चामड्याचे होते. नौदलाच्या वैमानिकांचे ‘जी-१’ मात्र शेळीच्या चामड्याचे.

मग शेळीच का?

शेळीच्या कातड्यातले तंतू घट्ट विणलेले असतात. त्यामुळे पाऊण ते एक मिलिमीटर जाडीतही ते मजबूत राहते. पुण्याच्या हवेत हे महत्त्वाचे आहे. इथली थंडी पहाटेची आणि रात्रीची. अकरा वाजता ऊन लागू लागले की जाड जॅकेट काढून हातात धरावे लागते. शेळीच्या चामड्यावर बारीक दाणा असतो, त्यात लहानसहान ओरखडे लपतात. अडचण आकाराची. एक कातडे साधारण चार ते सहा चौरस फुटांचे, आणि जॅकेटला चाळीसएक चौरस फूट तरी लागते. म्हणजे सात-आठ कातडी, तीही रंगाने आणि दाण्याने जुळणारी. ती जुळवून न घेतल्यास एक बाही वेगळीच दिसते. कापण्याआधी सगळी कातडी उजेडात शेजारी-शेजारी मांडायला लावावीत.

बाइकस्वारांसाठी वेगळे काय?

ताम्हिणी किंवा वरंध घाटात बाइकवर जायचे असेल तर मेंढीचा विचार सोडावा. म्हशीचे, म्हणजे बाजारातल्या भाषेत ‘बफ’ चामडे, १.१ ते १.३ मिलिमीटरचे घ्यावे. ते जड असते आणि सुरुवातीला ताठ वाटते, पण रस्त्यावर घासले गेल्यास टिकते. तरी नुसते चामडे पुरत नाही. कोपर, खांदा आणि पाठीला संरक्षक पॅड बसवायला आतून खिसे हवेत, मुख्य जोडांवर दुहेरी शिवण हवी. फोटोतल्या जॅकेटला यातले काही नसते, त्यामुळे कारागिराला हे आधीच सांगावे लागते.

गाईच्या चामड्याचे काय?

महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी होती. २०१५ च्या दुरुस्तीने तीत बैल आणि वळूही आले. म्हशीला ही बंदी नाही. त्यामुळे ‘काऊ लेदर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाचा उगम विचारावा आणि जनावराचे नाव बिलावर लिहून घ्यावे.

खरे चामडे कसे ओळखावे?

कापलेली कड पाहावी. खऱ्या चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, रेक्झिन किंवा ‘पीयू’च्या मागे कापड असते. ‘जेन्युइन लेदर’ एवढ्या शिक्क्यावर जाऊ नये. खालच्या थरावर रंगाचा लेप दिलेला मालही त्या नावाने विकला जातो. ‘फुल ग्रेन’ आहे का, असे स्पष्ट विचारावे. ‘पीयू’ स्वस्त पडते, पण दमट हवेत काही वर्षांत त्याचे पापुद्रे सुटतात आणि त्यावर दुरुस्ती नाही. खऱ्या चामड्यालाही पावसाळ्यात बुरशी येते. जॅकेट प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये. रुंद हँगरवर सुती कापडाखाली ठेवावे, आणि ओले झाल्यास उन्हात किंवा हीटरसमोर न धरता सावलीत वाळवावे.