पाणी अठरा फूट, काठी दहा फूट

काठी दहा फुटांची आणि काठापासून वीस पावलांवर पाणी अठरा फूट खोल. नांदेडजवळ विष्णुपुरी धरणाच्या फुगवट्यावर गळ टाकणाऱ्यांची ही नेहमीची पंचाईत. बूच दोऱ्याला पक्कं बांधलं, की गळ आणि बूच यांच्यातलं अंतर काठीच्या लांबीपेक्षा फारसं वाढवता येत नाही. वाढवलं तर बूच शेंड्याच्या कडीला येऊन अडकतं आणि खाली लोंबणारा दोरा ना फेकता येतो, ना आवरता येतो. मग कुणी गळ आठ फुटांवर टांगून खालच्या दहा फुटांतल्या माशांवर पाणी सोडतं, तर कुणी बूचच काढून टाकतं, शिसं थेट तळाला सोडतं आणि दोरा बोटाला गुंडाळून बसतं. मधल्या पाण्यातला मासा दोघांच्याही वाट्याला येत नाही.

या मधल्या माशासाठीच सरकतं बूच निघालं. अमेरिकेतल्या तलावांत क्रॅपी नावाचा चपटा, तळहाताहून थोडा मोठा मासा असतो. तो बुडालेल्या झाडांच्या आसऱ्याने मधल्या पाण्यात थव्याने थांबतो आणि आपल्या पातळीच्या खाली गेलेल्या आमिषाकडे सहसा वळून बघत नाही. त्यामुळे गळ नेमका त्याच खोलीवर, किंवा वीतभर वर, टांगावा लागतो. आपल्याकडे क्रॅपी नाही, पण त्याच अंगकाठीची चिलापी आहे. आफ्रिकेतली ही तिलापिया १९५२ साली भारतात आणली गेली. आज मराठवाड्यातल्या बहुतेक तलावांत ती इतकी माजली आहे, की रोहूच्या आशेने बसलेल्याच्या पिशवीत संध्याकाळी चिलापीच निघते. तिच्या नावाने नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. तळलेली ताजी चिलापी वाईट लागत नाही, आणि गळाची विद्या शिकायला तिच्यासारखा गुरू नाही.

रचना साधी आहे. तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, काठीच्या कड्यांतून ओवून घ्यायची. मग शिलाईच्या जाड दोऱ्याचा वीतभर तुकडा घेऊन तंगुशीभोवती पाच-सहा वेढ्यांची गाठ मारायची, थुंकीने ओली करून आवळायची आणि दोन्ही टोकं सेंटिमीटरभर ठेवून कापायची. ही गाठ तंगुशीवर घट्ट बसते, पण नखाने रेटली की सरकते. तिच्याखाली एक बारीक मणी ओवायचा, त्याखाली मधोमध आरपार भोक असलेलं बूच, मग शिसं आणि शेवटी गळ. बूच आणि मणी तंगुशीवर मोकळे फिरतात. रील गुंडाळली की गाठ मऊ असल्याने कड्यांतून अलगद आत जाते, बूच खाली शिशापाशी येऊन टेकतं आणि फेकताना सगळा लवाजमा जेमतेम हातभर लांबीचा राहतो. पाण्यात पडल्यावर शिसं बुडू लागतं आणि तंगूस बुचाच्या भोकातून सरसर खाली ओढली जाते. ठरवलेल्या खोलीवर गाठ येते, मण्याला अडते, मणी बुचाला. गळ तिथेच थांबतो. मणी विसरलात तर गाठ भोकातून निसटते आणि गळ तळाच्या चिखलात जाऊन बसतो.

खोली मोजायची तर गळाला बुचापेक्षा जड शिशाचा गोळा अडकवून फेकायचा. बूच पाण्याखाली ओढलं गेलं तर गाठ अजून वर सरकवायची. बूच आडवं पडलं तर शिसं तळाला टेकून दोरा सैल पडला आहे, गाठ खाली आणायची. बुचाचा शेंडा तेवढा दिसू लागला, की तुम्हाला त्या जागेची खोली कळली.

खरं शास्त्र बुचातच आहे आणि नेमकं तिथेच बहुतेकांचं चुकतं. चिलापी आमिषाला दातांनी धरून पळत नाही. ती तोंड आणि गालफडं एकदम फुगवते, आतला दाब उतरतो आणि पाण्याबरोबर आमिष आत ओढलं जातं. काही खटकलं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत बाहेर थुंकते. खटकतं ते काय? बुचाची ओढ.

आता आकडे बघा. तीन सेंटिमीटर व्यासाचा थर्माकोलचा गोळा घेतला तर त्याचं आकारमान १४ घनसेंटिमीटर. तो पूर्ण बुडाला की १४ ग्रॅम पाणी बाजूला सारतो, म्हणजे शाळेत पाठ केलेल्या आर्किमिडीजच्या नियमाने त्याला वर ढकलणारं बलही तेवढ्याच वजनाचं. खाली दोन ग्रॅम शिसं लावलं असेल तर गोळा बुडवायला माशाला उरलेले जवळपास १२ ग्रॅम ओढावे लागतात. याउलट सडपातळ बूच घ्या. शिसं वाढवत वाढवत ते इतकं बुडवा, की तीन मिलिमीटर जाडीचा शेंडा तीन सेंटिमीटर तेवढा वर राहील. या शेंड्याचं आकारमान ०.२ घनसेंटिमीटर. म्हणजे उरलेली ओढ सुमारे ०.२ ग्रॅम, साठपट कमी! लातूरच्या आडतीत तुरीचं पोतं तोलणाऱ्या काट्यावर सोनं तोलू नये, तसं मोठ्या गोळ्यावर चिलापीचा घास ओळखू नये.

शिसं पाण्याच्या अकरापट जड असल्यामुळे त्याचा छोटा मणीही पुरतो. मात्र पाण्यात त्याचं वजन अकराव्या हिश्शाने घटतं, म्हणून घरी काट्यावर जमवलेला हिशेब बादलीभर पाण्यात एकदा तपासून घ्यावा. महागडं बूच घ्यायची गरज नाही. मोरपिसाचा देठ उत्तम चालतो. वाळलेल्या ज्वारीच्या धांड्याचा तुकडा, वर व्हार्निशचा हात आणि मधून रिकाम्या रिफिलची नळी, एवढ्यात काम भागतं. शिशाचे मणी दातांनी चावून बसवायची सवय मात्र सोडा. शिसं विषारी आहे. पाण्यात पडलेले मणी गिळून राजहंस मरू लागले, तेव्हा ब्रिटनने १९८७ मध्ये गळाच्या छोट्या शिशांच्या विक्रीवर बंदी घातली.

बूच नेहमी बुडतंच असंही नाही. माशाने आमिष तोंडात घेऊन वर उचललं, तर शिशाचा भार निघून जातो आणि बूच उलट वर येतं किंवा आडवं पडतं. तेव्हाही काठी उचलायची.

गाठ कुठल्या खोलीवर ठेवायची हे पाणीच सांगतं. आपल्या कार्पमध्ये कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाला चरतो. त्यात उन्हाळा आला की थर बदलतात. २० अंशांचं पाणी लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवतं, ३० अंशांचं साडेसातच्या आसपास. वर पाणी तापलेलं आणि खोल तळाशी कुजणाऱ्या गाळाने प्राणवायू खाल्लेला, अशा वेळी मासा भरदुपारी मधल्या पाण्यात सरकतो आणि पहाटे काठाशी येतो. शिवाय मराठवाड्यातला जलाशय ऑक्टोबरला जसा असतो तसा मे महिन्यात राहत नाही. मांजरा धरण आटलं तेव्हा १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून ५ लाख लिटर पाणी लातूरला आणावं लागलं होतं. जिथे दर महिन्याला पाणी फुटा-फुटाने उतरतं, तिथे नखाने सरकणारी गाठ बांधलेल्या बुचापेक्षा शहाणी.

वारा हा या रचनेचा शत्रू. काठी आणि बूच यांच्यामधली तंगूस पृष्ठताणामुळे पाण्यावर तरंगत राहते, वारा तिला कमानीसारखी फुगवतो आणि बूच जागेवरून ओढलं जातं. नायलॉन खरं तर पाण्यापेक्षा जड आहे, पण त्यावरचा तेलकटपणा त्याला बुडू देत नाही. भांड्यांच्या साबणाचा बोळा एकदा तंगुशीवरून फिरवा, फेकल्यावर काठीचा शेंडा पाण्यात बुडवून रीलला दोन वेढे द्या. तंगूस खाली बसते.

ही विद्या परकी म्हणून झटकून टाकणाऱ्यांसाठी एक माहिती. लातूरच्या सीमेला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची जुनी राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं गळाच्या शिकारीवरचं प्रकरण आहे: माशांच्या जाती, कोणाला कोणतं खाद्य, काठी, दोरा. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. आपल्याच भागात आठशे-नऊशे वर्षांपूर्वी राजाने हाताळलेला विषय आहे हा.

जाण्याआधी दोन गोष्टी पाळा. तलाव-धरणांतली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते. त्यातलं मत्स्यबीज त्यांनी पैसे मोजून सोडलेलं असतं. म्हणून आधी संस्थेला विचारा आणि मगच काठी उघडा. आणि तुटलेली तंगूस काठावर टाकू नका, खिशात घालून घरी आणा. ती कुजत नाही, आणि बगळ्यांचे, पाणकावळ्यांचे पाय तिच्यात अडकतात.